भाजणं आमचं, ठेचणं त्यांचं

धंद्याचा तास आम्हाला शनिवारी असायचा. वेळापत्रकात त्याचं नाव कार्यानुभव होतं, आणि आमच्या आधीच्या मुलांनी त्या तासाला रुमालाच्या कडा शिवल्या, खडू पाडले, क्रेपच्या कागदाची फुलं केली. आम्ही नववीत गेलो आणि बोरसे सर आले. सर साक्रीकडचे. उंच, सडसडीत, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, आत्ता कुठलं पोतं उचलायला निघाल्यासारखे. पहिल्याच तासाला त्यांनी फुलांचा खोका टेबलावर उपडा केला आणि म्हणाले, "फुलं सुरेख आहेत. आता ही विकून दाखवा." आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. शाळेत येऊन विकायला शिकायचं, ही कल्पनाच आम्हाला जरा हलकी वाटली. पण सरांनी आमचा पिच्छा सोडला नाही. दोन बाक जोडून दुकान मांडायचे, कुणाला दुकानदार करायचे, कुणाला गिऱ्हाईक. माल कुठून आणायचा, कुणाला खपेल, गिऱ्हाईक नुसतं बघून निघालं तर न रागावता त्याला परत कसं वळवायचं, हे सगळं बाकावर. बोलायचे पुस्तकी मराठी, पण एखादा मुलगा रंगात आला की सरांची अहिराणी सुटायची. "बठ्ठं बरोबर शे, पन तू हासत का नही?" म्हणजे सगळं बरोबर आहे, पण हसत का नाहीस? वर्ग खिदळायचा आणि सरही आमच्याबरोबर हसायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. पुढं मी सगळी नोकरी धुळ्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवण्यात घालवली. उद्योजकता नावाचा जाडजूड विषय शिकवला, त्यातलं निम्मं बोरसे सरांचं होतं आणि उरलेलं निम्मं मुलांना कधी लागलं असेल असं मला वाटत नाही.

मी असोद्याहून एसटीनं जळगावला यायची. गावात शाळा होती, पण नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हट्ट की पोरगी जळगावात शिकली पाहिजे. तिथं कुणी कुणाला ओळखत नाही, असं ते म्हणायचे. मला वाटायचं, यात चांगलं काय आहे? आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या टोकाला, पुढं केळीचे बाग सुरू व्हायचे. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पण मायनं ते असं राखलेलं की सारवणावर बोट फिरवावं आणि बोटाला काही लागू नये. संध्याकाळी ती बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची, आम्ही वंदना म्हणायचो, आणि वंदना संपते न संपते तोच तिच्या भाकरीची थापथाप सुरू व्हायची. हात भाकरीवर आणि तोंड आमच्यावर. नाना कमी बोलायचे. घरात दोन माणसांचं बोलणं एकटी माय बोलते, मग मी कशाला बोलू, असं म्हणायचे. ते आप्पांच्या मळ्यात कामाला होते. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, त्यांची केळी, कपाशी आणि भरताची वांगी.

असोद्याचं वांगं काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जांभळं नव्हे, हिरवट-पांढरं, पातळ सालीचं, बी जवळजवळ नाहीच. हिवाळा लागला की कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, आम्ही त्यांना पऱ्हाट्या म्हणतो, जाळ करायचा आणि त्यात वांगी खुपसायची. वरून काळीठिक्कर झाली पाहिजेत. मग साल काढायची, लाकडाच्या काठवटीत घालून मुसळीनं ठेचायचं. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, वरून तेलाची फोडणी आणि त्यात शेंगदाणे. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. आता धुळ्यात मी गॅसवर वांगं भाजते आणि त्याला भरीत म्हणते, कारण दुसरं काय म्हणणार?

नाना वांगी भाजण्यात पटाईत होते, म्हणून आप्पांच्या मळ्यात भरताचा बेत ठरला की जाळापाशी तेच. जळगावचे पाहुणे यायचे, बायका यायच्या, पोरं केळीत लपाछपी खेळायची. नाना भाजायचे आणि काळी झालेली वांगी सालीसकट परातीत ठेवायचे. मग उठायचे, हात धुवायचे आणि बांधावर जाऊन बसायचे. तिथून पुढं आप्पांच्या घरच्या बायका. साल काढणं त्यांचं, काठवट त्यांची, फोडणी त्यांची. भाजणं आमचं, ठेचणं त्यांचं. सालीपर्यंत आमचा हात, सालीच्या आत त्यांचा. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि कधी कुणी चुकलंही नव्हतं. घरचे आणि पाहुणे जेवले की मग आप्पा स्वतः हाक मारायचे, "सुपडू, ये रे, जेवून घे." केळीच्या पानावर भरपूर वाढायचे, वरून तेल घालायचे. नाना जेवून यायचे आणि घरी आले की मायला म्हणायचे, "मीठ कमी व्हतं." एवढीच त्यांची तक्रार.

घरी मात्र काठवट नानांची. त्यांच्यासारखं ठेचायला मायलाही जमायचं नाही. मुसळी जोरात आपटायची नाही, फिरवायची, वांग्याचे धागे राहिले पाहिजेत. ठेचताना ते गुणगुणायचे. एरवी हा माणूस कधी गुणगुणत नसे.

बोरसे सरांनी एकदा सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरात कोण काय चांगलं बनवतं? कुणी लोणचं सांगितलं, कुणी गोधड्या. मी भरीत सांगितलं. "मग खाऊ घाल की," सर म्हणाले, आणि खरंच एका रविवारी माझ्याबरोबर एसटीत बसून आले. मायची सकाळपासून तारांबळ. शिक्षक माणूस, पाणी तरी घेईल का, की नुसतं "असू द्या" म्हणेल? सर उंबऱ्यातूनच म्हणाले, "आक्का, आधी पानी द्या, घसा कोरडा पडना." मायनं तांब्या दिला आणि पुढं कितीतरी दिवस ती त्या तांब्याची गोष्ट वस्तीत सांगत होती. नानांनी सरांसमोर बसून भरीत ठेचलं. सरांना घाम फुटला, नाक वाहायला लागलं, तरी भाकरीवर भाकरी. "नाना, हाई इकाले पाहिजे. बठ्ठं जळगाव खाई." नाना हसून म्हणाले, "सर, मिरची लागली वाटते. घरची बोली निंघाली." मग भाकरीचा तुकडा हातातच धरून त्यांनी विचारलं, "आपल्या हातचं कोन खाईन, सर?" सर म्हणाले, जळगावात कोण कुणाला विचारतं? चव बघतात लोक, माल चांगला असला की गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं. सर खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्या दिवशी नानांनाही तसं वाटायला लागलं.

त्यानंतर शनिवारी मी घरी आले की नाना विचारायचे, "आज धंद्याच्या तासाले काय शिकोलं?" मी दप्तर टाकायची आणि सरांसारखी बाह्या वर करून शिकवायला लागायची. जागा कुठली असावी, तर जिथं माणसं गाडीची वाट बघतात तिथली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला पाणी द्यायचं. नाना म्हणाले, "आपुन पानी द्याचं?" मी म्हणाले, "मग काय गिऱ्हाईकानं घरून आणायचं?" दुसऱ्या दिवशी ते मायला म्हणत होते की दुकान काढलं तर पाण्याचा माठ दर्शनी ठेवायचा, रोज घासायचा. दुकान काढलं तर! मायनं भाकरी थापायची थांबवली. कधी नाही तो हा माणूस आपल्यासाठी काही मागत होता. सरांनी पुढं त्यांना विचारलं होतं की नाना, तुम्हाला यातून काय पाहिजे, तेव्हा ते म्हणाले होते, "काई नाही, सर. आपल्या हातचं, आपल्या नावानं, चार लोकाइनं बसून खावं. बस."

शाळेत हिवाळ्यात आनंद मेळावा असायचा. मुलांनी मैदानावर दुकानं मांडायची, पालकांनी येऊन खायचं आणि ज्या गटाचं दुकान उत्तम चालेल त्याला बक्षीस. सरांनी ठरवलं की भरताचं दुकान आमचं, आणि बनवणार नाना. इथं चाललं तर पुढं स्टँडजवळ जागा बघू, ओळखीच्या माणसाशी बोलतो, असंही ते म्हणाले. म्हणजे मेळावा ही नानांची परीक्षा होती, आमची नव्हे. माझ्या गटात शोभा होती, जळगावातल्या मारवाडी किराणा दुकानदाराची मुलगी. जैन. तिच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, आणि ही भरीत विकायला पुढं. मी चिडवलं तर म्हणाली, "आमचे बाबूजी म्हणतात, जे आपण खात नाही ते विकता आलं म्हणजे धंदा आला." तेल तिच्याच दुकानातून आलं. पाटीही तिनंच रंगवली, अक्षर मोत्यासारखं: सुपडूनानांचं भरीत. मेळाव्याच्या सकाळी नाना पाटीसमोर उभे राहिले. त्यांना वाचायला येत होतं, पण अडखळत. एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचून झालं आणि त्यांनी मला विचारलं, "हे मी?" मी हो म्हणाले. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट घातली.

मैदानात एका बाजूला पाणीपुरी, एका बाजूला भेळ, मध्ये आमचा जाळ. पऱ्हाट्यांचा धूर आणि भाजल्या वांग्याचा वास असा सुटला की हेडमास्तर भाषण करत होते आणि लोक आमच्याकडं सरकत होते. नाना धुतलेल्या सदऱ्यात काठवटीपाशी बसले. शोभा पानं मांडत होती, मी वाढत होते, सर उगाचच इकडून तिकडं फिरत होते. रांग लागली. एका बाईंनी नानांच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, वरून घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, अजून थोडं वाढा, पण तिखट बेतानं." नाना त्यांच्याकडं बघतच राहिले. मग मुसळी फिरवायला लागले, आणि मला जवळून ऐकू आलं, ते गुणगुणत होते. माझं सगळं लहानपण एका बाजूला आणि ती वेळ एका बाजूला, असं मला आजही वाटतं.

मग कुणीतरी ओळखलं. आमच्याच गावचा माणूस, भाच्याला बघायला आलेला. तो ओरडला नाही, भांडला नाही. फक्त बायकोच्या कानाशी वाकला. तिनं हातातलं पान हळूच खाली ठेवलं आणि शेजारणीकडं वळली. असं ते कानोकानी रांगेच्या टोकापर्यंत गेलं. कुणी काही वाईट बोललं नाही हो. लोकांना एकाएकी भेळ आठवली, एवढंच. कुणाचं पोट भरलं, कुणाला मुलगी शोधायची होती. तांब्यानं पाणी प्यायलेल्या बाई पर्स चाचपत उभ्या होत्या, त्यांना काय करावं ते कळत नव्हतं, मग त्याही गेल्या. काठवट भरलेली, पानं मांडलेली आणि समोर मोकळं मैदान. नाना मुसळी हातात धरून बसले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही.

नेमके तेव्हाच आप्पा आले. त्यांची नात आमच्या शाळेत होती, तिला बघायला सूनबाईंना घेऊन आले होते. जन्म गावात गेलेला माणूस, एका नजरेत सगळं समजले. पुढं झाले, धोतराचा सोगा सावरला आणि मळ्यात मजुरांना हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "अरे, थांबले काऊन? खा, खा! वांगे माह्या मळ्यातले अन् भरीत आमच्या घरचं. आमच्या सूनबाईनं केलं. हा आमचा सुपडू, फक्त भाजाले आनला." नाना सगळ्यांसमोर ठेचत होते. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी लोकांचा आप्पांवर विश्वास बसला, कारण तो त्यांना बसवायचाच होता. भुका लागलेल्या होत्या आणि वास तर सुटलाच होता. रांग पुन्हा लागली. पर्सवाल्या बाई सगळ्यांत पुढं.

बोरसे सर तरातरा आले. "आप्पा, तसं नाही, हे भरीत—" नानांनी मान हलवली. नुसती मान, आणि सर जिथल्या तिथं थांबले. मी काही बोलणार तोच नाना म्हणाले, "गप. पानं पूस." मुसळी त्यांनी काठवटीच्या कडेला आडवी ठेवली, उठले, हात धुतले. सूनबाई पदर खोचून त्यांच्या जागी बसल्या. आप्पा स्वतः वाढायला लागले, हसत, बोलत, आग्रह करत. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात ना, इथं तर सोनं होतं. नाना जाळापाशी गेले. वारा सुटला होता, जाळ आडवा पडत होता. त्यांनी आमची पाटी काढली आणि अक्षरं आतल्या बाजूला येतील अशी जाळाच्या कडेला आडोशाला उभी केली. संध्याकाळपर्यंत तिचा रंग फुगून सोलून गेला. शोभा तेवढी रडली. काठवट पार पुसून गेली, आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते घ्यायला मी गेले तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी सरांनी बाकांचं दुकान मांडलं नाही. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "वत्सला, माल चांगला असला की गिऱ्हाईक येतं, इथवरच मला येत होतं. पुढचं मला येत नाही." वर्ष संपताना ते साक्रीकडं बदली घेऊन गेले. पुन्हा भेट नाही.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही आप्पांच्याच ट्रॅक्टरवरून परत आलो. आप्पा खुशीत होते. स्टँडजवळ त्यांची जागा पडून होती. "सुपडू, भरताचं दुकान टाकू. तू मांगे जाळावर, मी गल्ल्यावर. सूनबाई हाये, ठेचाले एखादी बाई ठेवू आमच्यातली. तुले मळ्यातल्यापेक्षा चांगलं देईन." नाना म्हणाले, "पाहू, आप्पा." घरी आल्यावर मायनं सगळं ऐकलं आणि तिचा पट्टा सुटला. "आयत्या बिळावर नागोबा! चव तुमची, मेहनत तुमची अन् नाव त्याचं?" नाना म्हणाले, "त्याइनं वाचवलं आपल्याले. नाही तं सारं फेकाव लागलं असतं." माय म्हणाली, "वाचवलं का घेतलं?" नानांनी चुलीत एक काडी सारली. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हिले शिकवाचं हाये." बस. आपल्या नावाचं दुकान त्यांनी त्या एका वाक्यात मिटवलं. मायनं पुढं वाद घातला नाही, आणि मायनं वाद न घालणं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दुकान धो धो चाललं. दर्शनी भागात आप्पांच्या आडनावाची मोठी पाटी, खाली काठवट, तिथं ठेवलेली बाई सगळ्यांना दिसेल अशी बसून ठेचायची. मागं पत्र्याचा आडोसा आणि आडोशामागं नाना, जाळ आणि वांगी. शाळा सुटली की मी मागच्या बाजूनं जायची. पत्र्याच्या पलीकडून मुसळीचा आवाज यायचा, आणि ती बाई मुसळी आपटायची, फिरवायची नाही. नाना ऐकत असायचे. त्यांचे डोळे धुरानं कायमचे लाल झाले. हळूहळू घरीही त्यांनी ठेचायचं सोडलं. माय काठवट पुढं करायची तर म्हणायचे, "तूच कर, थकलो." मायला ते नीट जमायचं नाही, आणि आम्ही तिघं ते तसलंच भरीत खायचो.

आप्पा वाईट नव्हते, हेच तर अवघड आहे. वाईट असते तर मी त्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. माझी पुस्तकं त्यांनी आणली. कॉलेजात गेले तेव्हा ते दुकानात सगळ्यांना सांगायचे, आमच्या सुपडूची पोरगी एम.कॉम. होणार. मी झालेही. माझी डिग्री त्या पत्र्यामागच्या जाळावर भाजून निघालेली आहे, तिच्याकडं बघून मला अजून अभिमान वाटावा की रडावं ते ठरवता येत नाही. आता जळगावात पावलोपावली भरताची दुकानं झालीत. आमच्या वस्तीतल्या पोरांनीही काढलीत, चांगली चालतात. काहींच्या पाटीवर आडनाव नसतं, ते मी मुद्दाम बघते. वर्गात "ग्राहकाचा विश्वास" हा धडा आला की मी फळ्याकडं वळून नाक पुसायची, आणि मुलं समजायची की मॅडमना सर्दी झालीय.

माय गेल्यावर नानांना मी धुळ्याला आणलं. आप्पाही गेले होते, दुकान नातवांच्या हातात. माझे यजमान बदलीच्या गावी, मुलं पुण्याला, म्हणजे देवपुरातल्या घरात आम्ही दोघंच. नाना गच्चीवर ऊन खात बसायचे. मला वाटलं, अजून हात चालतात, नजर बरी आहे, काय हरकत आहे? कोपऱ्यावर एक छोटी जागा रिकामी होती, मालकाशी बोलून ठेवलं. नानांना म्हणाले, "नाना, दुकान काढू. तुमचं. पाटी तुमच्या नावाची. मी शिकवून शिकवून म्हातारी झाले, आता करून बघू." त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. म्हणाले, "वांगे असोद्याचे पाह्यजे." मला इतका आनंद झाला की मी त्याच आठवड्यात जाऊन वांगी आणली, पऱ्हाट्याही आणल्या, काठवट तर माझ्याकडं होतीच. रविवारी सकाळी घरामागच्या अंगणात जाळ केला. आधी घरी करून बघू, मग दुकानात.

नाना जाळापाशी उकिडवे बसले आणि हातांना काही सांगावं लागलं नाही. काडी सरकवणं, वांगं फिरवणं, फुंकर घालणं, सगळं जिथल्या तिथं. मी काठवट त्यांच्या उजव्या हाताला ठेवली, मुसळी ठेवली, मिरच्या, लसूण, मीठ ठेवलं. वांगी काळीठिक्कर झाली. नानांनी ती सालीसकट परातीत काढली आणि परात माझ्याकडं सरकवली. मग उठले, नळावर हात धुतले आणि लांब, कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले. मी म्हणाले, "नाना, ठेचा ना. तुमचंच आहे." ते म्हणाले, "हो, बोलाव त्याइले ठेचाले." मी म्हणाले, "कोणाला?" ते फाटकाकडं बघत राहिले.

मीच बसले मग. साल काढली, ठेचलं, फोडणी घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं नव्हतं. भाकऱ्या केल्या, केळीचं पान मांडलं, त्यावर वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि नानांना हाक मारली. ते भिंतीपासून हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा माझ्याकडं बघून, अगदी समजुतीनं म्हणाले, "घाई नाही. आंधी घरच्याइचं होऊ दे."

घरात आम्ही दोघंच होतो.